‘कोकरवाला’ची एकुलती प्रत आणि माझी इतर मालमत्ता

मी, हर्मिना यूलाली अडोनिस, निवृत्त शिक्षिका, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार समुद्राकडची गल्ली, गाव पेशन्स, पूर्व किनारा, डेमेरारा, गयाना, असे लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि डॉक्टरांच्या मते हृदयही आता फार काळ साथ देणार नाही. बुद्धी मात्र अद्याप जागेवर आहे. पुढील मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाला अगर लाडीगोडीला बळी न पडता, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. महापुरानंतर रागाच्या भरात केलेले माझे आधीचे मृत्युपत्र याने रद्द होते. त्यात मी सर्वांना वगळले होते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी विद्यार्थिनी व पुढे सहकारी झालेली सुरसत्ती मंगल हिने करावी. ती गावातल्या शाळेत संगणक शिकवते. तिचे माझे भांडण झाले होते, हे गावाला ठाऊक आहे. ते मिटले, हेही गावाने आता ध्यानात घ्यावे.

कलम एक. माझे दफन गावच्या दफनभूमीत, आईशेजारी व्हावे. प्रवचन थोडक्यात आटपावे. दफनाच्या आदल्या रात्री जागरणाला येणाऱ्यांना कॉफी, बिस्किटे आणि नारळाच्या दुधातला डाळभात द्यावा. माझ्याविषयी गोड बोलू इच्छिणाऱ्यांनी आधी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून घ्यावे, म्हणजे त्यांचे बोलणे आटोक्यात राहील.

कलम दोन. खांबांवरचे माझे लाकडी घर व त्याखालची जमीन मी माझी भाची क्लॉडेट हिला देते. गेली काही वर्षे माझ्या पायांना तेल चोळण्यापासून छपराचे पत्रे बदलून घेण्यापर्यंत सर्व तिने केले. अट एकच. घराखालच्या मोकळ्या जागेत दर शनिवारी मुले वाचायला बसतात, ती बसत राहावीत. तिथले बाक, फळा आणि पंखा घराचाच भाग समजावा.

माझा पुतण्या डेझमंड याने ही जागा दुकानासाठी मागितली होती.

“आंटी, नुसती पोरं बसायला एवढी जागा? रस्त्यावरचं घर आहे तुझं. लोक अशा जागेसाठी जीव टाकतात.”

“मग टाकू देत,” मी म्हणाले. “पोरं जीव टाकत नाहीत, नुसती बसतात.”

डेझमंडला त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या भावाची, सुतारकामाची हत्यारे मिळावीत. मी ती दर वर्षी तेल लावून ठेवली आहेत. रंधा विकला तर मी त्याच्या स्वप्नात येईन. माझे पेपरपॉटचे काळे पातेले क्लॉडेटकडे जावे. नाताळात त्यातले मांस रोज एक उकळी देऊन कसे टिकवायचे हे तिला मी शिकवले आहे. बँकेतल्या पैशांतून दफनाचा खर्च भागवावा आणि उरेल त्यातून सुरसत्तीने नवा स्कॅनर घ्यावा. जुन्याला म्हातारपणाचा खोकला झाला आहे.

कलम तीन. शाळेचे माजी मुख्याध्यापक कै. लॅन्सलॉट पिलग्रिम यांना मी माफ केलेले नाही आणि मरणाच्या दारात उभी आहे म्हणून आता करणारही नाही. मी या गावात शिक्षिका म्हणून आले तेव्हा वर्गात आम्ही फक्त इंग्लंडचे वाङ्मय शिकवत असू. मुले घामाने निथळत बर्फावरचे निबंध लिहायची. देश स्वतंत्र झाला होता, झेंडा नवा होता, पुस्तके तीच. आपल्या लोकांनी लिहिलेली पुस्तके मी कुठूनकुठून मिळवून वर्गात आणली, तेव्हा सरांनी ती उचलून कपाटात टाकली आणि किल्ली खिशात घातली.

“मिस अडोनिस, परीक्षेत जे येत नाही ते शिकवायचं नाही.”

“सर, हे आपल्या देशाचं वाङ्मय आहे.”

“ह्या पारावरच्या गप्पा आहेत. वाङ्मय व्हायला वेळ लागतो.”

मग मी त्याच पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती मिळवून त्या शाळा सुटल्यावर माझ्या घराखाली शिकवू लागले. कागद मिळत नव्हता तो काळ. गव्हाच्या पिठावर बंदी होती आणि पावसुद्धा लोक चोरून भाजत होते. भातगिरणीच्या रद्दी पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही उतारे चक्रमुद्रित करत असू. शाई हाताला लागायची ती रविवारी चर्चमध्येही दिसायची. पुढे परीक्षा इंग्लंडच्या न राहता आपल्या भागातल्याच झाल्या, आपली पुस्तके अभ्यासक्रमात आली आणि पिलग्रिम सरांनी सभेत सांगितले की हे बीज त्यांनी पेरले होते. मी तेव्हा उठून बाहेर गेले होते. त्यांच्या मुलाचा यात काही दोष नाही. माझ्या परसातल्या आंब्याचा अर्धा बहर दर वर्षी त्याला द्यावा.

कलम चार. माझा पुस्तकसंग्रह. आपल्याकडे पुस्तक छापले जायचे ते शंभर-दोनशे प्रतींत, जॉर्जटाउनच्या एखाद्या छोट्या छापखान्यात, आणि लेखक ते सायकलवरून विकायचा. पुढे लेखक परदेशी जायचा, छापखाना बंद पडायचा आणि उरलेले वाळवी पाहून घ्यायची. मी जमेल तेवढे जमवले. कादंबऱ्या, कविता, गावोगावच्या नाटकमंडळ्यांच्या संहिता, शाळांची हस्तलिखिते.

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत पूर आला आणि या किनाऱ्यावर कित्येक दिवस पाणी उभे राहिले. शेजारच्या एनिड टॉपिनने कोंबड्या वर नेल्या, मी पुस्तके. खालच्या फळ्यांवरची बरीच गेली. वाचली ती कपड्यांच्या दोरीवर एकेक पान सुटे करून वाळत घातली. सुरसत्ती नावेतून आली, कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि दोरीकडे पाहून म्हणाली, “मिस, पुढच्या पुराला हे टिकायचं नाही. याचे फोटो काढून ठेवायला हवेत, नीट, शिस्तीत.” त्या दिवशी तिने हे काम हातात घेतले. तेव्हापासून शाळेची घंटा झाली की ती माझ्याकडे येते. पान सपाट करायचे, काचेखाली धरायचे, प्रकाश पाहायचा, नाव घालायचे. आता जवळजवळ सर्व संग्रह संगणकात आहे.

कागदी संग्रह शाळेला द्यावा. अपवाद एका पुस्तकाचा. त्याविषयी पुढे लिहिते. संगणकातली प्रत तीन ठिकाणी राहावी: शाळेत, सुरसत्तीकडे आणि टोरांटोत माझा विद्यार्थी ओरिन डन्स्टन प्राध्यापक आहे त्याच्या विद्यापीठात. ओरिन येऊन सगळा कागदच तिकडे न्यायचा म्हणत होता. थंड, कोरडी खोली, काचेची कपाटे. मी विचारले, “आणि इथल्या मुलीला वाचायचं असेल तर?” तो म्हणाला, “सभासद व्हावं लागेल, मिस. नियम आहेत.” मी त्याला सांगितले, तुझी थंडी तुझ्याकडे ठेव. त्याने पुढे वर्षभर विद्यापीठाशी वाद घातला आणि विनाअट लिहून आणले की या देशातल्या कोणालाही हे फुकट वाचता येईल. शाळेत असतानाही तो उशिरा, पण बरोबर उत्तर द्यायचा. हे वचन मोडले तर विद्यापीठाने आपली प्रत पुसून टाकावी.

कलम पाच. आता त्या पुस्तकाविषयी. हे सविस्तर लिहिते, कारण माझ्यामागे कोणी अर्धवट सांगू नये.

एव्हरार्ड ग्रिमंड यांची ‘कोकरवाला’ ही कादंबरी माझ्या मते या देशात लिहिलेल्या उत्तम पुस्तकांपैकी एक आहे. ग्रिमंड आमच्याच गावचे. कोकरवर, म्हणजे कालव्याचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या दारावर, ते नोकरीला होते. ओहोटीला दार उचलायचे, भरती चढायच्या आत पाडायचे. नाहीतर समुद्र आत येतो. कादंबरीत अशाच एका कोकरवाल्याची बायको हळूहळू वेडी होत जाते आणि एका दुपारी ऐन भरतीला दार उघडून देते. कसावा, केळी, सगळी शेते खारी होतात. बाईला शेवटपर्यंत नाव नाही. पुस्तक छापून ग्रिमंड इंग्लंडला गेले आणि तिकडेच वारले. मी गावात आले त्याआधीच त्यांची बायको मिलिसेंट मुलीला घेऊन न्यू ॲमस्टरडॅमला निघून गेली होती. गावात खरोखर एकदा असा समुद्र शिरला होता, हे लोक सांगायचे आणि पुस्तकाकडे बोट दाखवायचे. मी ते पुस्तक कथा म्हणून शिकवले. वर्षानुवर्षे शिकवले. मुले दाराचा प्रसंग करून दाखवायची तेव्हा बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याही रडायच्या.

पुरानंतर कळले की माझ्याकडची प्रत ही बहुधा शेवटची आहे. जॉर्जटाउनमध्ये नव्हती, ओरिनने लंडनमध्ये शोधले, तिथेही नव्हती. स्कॅन करण्याआधी वारसाची परवानगी घ्यायची असा माझा नियम आहे, म्हणून सुरसत्ती आणि मी बोटीने नदी ओलांडून न्यू ॲमस्टरडॅमला गेलो. ग्रिमंडांची मुलगी वर्लिन तेव्हा नुकतीच इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती. तिने आम्हाला बसायला दिले, पाणी दिले, आणि पुस्तकाचे नाव ऐकल्यावर, निघा म्हणून दार सताड उघडे केले.

“टीचर, माझ्या आईला तुम्ही कधी पाहिलंत?”

“नाही.”

“मग पोरांना तिच्याबद्दल काय शिकवत होता?”

“ती बाई म्हणजे तुझी आई, असं पुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही, वर्लिन.”

“गावाला लिहिलेलं लागत नव्हतं. आम्ही इथं राहायला आलो तरी बाजारात बायका म्हणायच्या, ही बघ कोकरवाली आली, नळ बंद करा गं. आई मेली तेव्हा शवपेटी उचलायला चार माणसं मिळेनात. ते तुमचं वाङ्मय असेल. ते मरू दे. वारस मी आहे ना? मग माझं उत्तर नाही.”

 परतीची बोट अलीकडच्या काठाला, रोझिग्नॉलला लागल्यावर सुरसत्ती म्हणाली, “मिस, आपण स्कॅन करून ठेवू. दाखवायचं नाही कोणाला. तिच्यामागे कोण विचारणार आहे?”

“तिने नाही म्हटलंय.”

“पानं सुटायला लागलीत. वाळवी तिला विचारून खाणार आहे का?”

“सुरसत्ती, त्या बाईचं आयुष्य एकदा न विचारता छापून झालंय. दुसऱ्यांदा माझ्या घरात होणार नाही.”

ती रागावून गेली आणि कित्येक महिने आली नाही. ओरिनने फोनवर मला विचारले की एका बाईच्या रागासाठी देशाचे पुस्तक मारणार का.  पुस्तक मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवले आणि दर आठवड्याला उघडून पाहत राहिले. कडा पिठासारख्या झडत होत्या. मला ते पुस्तक जवळपास पाठ आहे. तरी माझ्या डोळ्यांदेखत ते जात होते आणि ते थांबवण्याचे यंत्र खाली टेबलावर झाकून ठेवलेले होते.

पुढच्या वर्षी, त्या नदीवर पूल होण्याच्या आधीचाच तो काळ, एका शनिवारी मुले वाचत असताना वर्लिन फाटकात उभी राहिली. हातात छत्री, अंगावर चर्चला जायचे कपडे. मुलांच्या मागच्या बाकावर येऊन बसली.

“टीचर, मी ते पुस्तक कधी वाचलेलं नाही,” ती म्हणाली. “घरात आईने येऊच दिलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पडून होते, तेव्हा मनात आलं, ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्या ते आहे तरी काय. तुम्ही वाचून दाखवा. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

मी मुलांना घरी पाठवू लागले तर म्हणाली, “राहू द्या त्यांना. तसंही त्यांनाच शिकवता ना?”

मी पहिल्या प्रकरणापासून वाचले. त्यात ती बाई पहाटे अंगणात कोंबड्यांना हाका मारते, एकेकीला शिवी देत, एकेकीला लाडाने, आणि मधेच नवऱ्याला त्याच सुरात उठवते. वर्लिनने तोंडावर हात ठेवला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती.

“अशीच बोलायची,” ती म्हणाली. “अगदी अशीच. ‘ऊठ रे राजा, तुझी समुद्राची नोकरी बुडाली.’ त्याच्या लक्षात होतं होय हे?” आणि मग रडली. आईचा एक फोटोसुद्धा तिच्याकडे नव्हता. आवाज होता तो या पुस्तकात, आणि तोही त्या माणसाने लिहिलेला.

ती दर शनिवारी येऊ लागली. सुरसत्तीला कळले तशी तीही येऊन बाकावर बसली. दाराचा प्रसंग यायच्या आधी मी पुस्तक मिटले. वर्लिन म्हणाली, “वाचा.” मी वाचले. माझा आवाज तिथे चांगला लागतो, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी तो लावला नाही, सरळ वाचले. वाचून झाल्यावर ती उठून मुलांसमोर उभी राहिली.

“आता खरं ऐका,” ती म्हणाली. “मी तुमच्याएवढी होते. दुपारचा डबा घेऊन कोकरवर गेले. आई पलीकडे धुणं धूत होती. बाबा खोपटात लिहीत बसला होता. दार वर होतं आणि पाणी आत यायला लागलं होतं. मी म्हटलं, बाबा, भरती. त्यानं मान वर न करता हात केला. म्हणाला, ‘थांब जरा, माझं वाक्य मोडेल.’ मी परत म्हटलं. त्यानं परत हात केला. मग मी आईकडे पळाले. ती तशीच ओल्या कपड्यानं धावली, एकटीनं दार पाडायचं चाक फिरवत होती, तिच्याच्यानं फिरेना. लोक आले तेव्हा चाकावर तीच होती. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? बाबा खोपटाच्या दारात उभा होता. तो काही बोलला नाही. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि तीही काही बोलली नाही. त्याची नोकरी गेली असती. मी बोलले, पण मी पोरगी होते.”

 मग एका मुलीने विचारले, “आंटी, त्यांचं नाव काय होतं?”

“मिलिसेंट. मिलिसेंट ग्रिमंड.”

सुरसत्तीने वर्लिनला विचारले की हे पुन्हा एकदा सांगाल का, यंत्रात साठवायला. वर्लिनने बराच विचार केला आणि पुढच्या शनिवारी होय म्हणाली. तिने तीन गोष्टी मागितल्या. पुस्तक स्कॅन होईल त्यासोबत तिचे सांगणे तिच्याच आवाजात राहील; एकाशिवाय दुसरे कोणाला उघडता येणार नाही; आणि शाळेत पुस्तक शिकवले तर तो आवाजही त्याच वर्गात ऐकवला जाईल. पुस्तकात खाडाखोड करू का, तळटीप घालू का, असे ओरिनने विचारले होते. ती म्हणाली, “त्यानं लिहिलंय ते लिहिलंय. त्याच्या वाक्याला हात लावू नका. त्याला वाक्यं फार प्रिय होती.”

याप्रमाणे झाले आहे. माझ्या वारसांनी, शाळेने व विद्यापीठाने या तिन्ही गोष्टी कायम पाळाव्यात. कोणा नव्या शिक्षकाला वाटेल की तो आवाज ऐकवल्याने पुस्तक लहान होते. मी दोन्ही मिळून बरीच वर्षे शिकवले आहे. मुले आधीपेक्षा जास्त भांडतात. “लिहिलंय भारी, पण माणूस भित्रा होता,” असे एक म्हणतो. “भित्रा होता म्हणूनच एवढं भारी लिहिलं,” असे दुसरी म्हणते. मी मध्ये पडत नाही. पुस्तक चांगले आहे आणि अन्याय खरा आहे, ही दोन्ही विधाने मी विचारपूर्वक करते आणि एक दुसऱ्याला खोडत नाही.

कलम सहा. ‘कोकरवाला’ची कागदी प्रत, जी माझ्या माहितीप्रमाणे जगात एकच उरली आहे, ती मी वर्लिन ग्रिमंड हिला देते. ती शाळेला मिळावी असे सुरसत्तीला वाटते, संग्रहालयाला मिळावी असे ओरिनला वाटते. दोघांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे.

गेल्या महिन्यात वर्लिन भेटायला आली तेव्हा मी तिला हे सांगितले. तिने पुस्तक मांडीवर घेतले, कव्हरवरच्या बापाच्या नावावर अंगठा ठेवला.

“आणि मी जाळलं तर?”

“तर जाळ.”

“तुम्हाला वाईट नाही वाटणार?”

“खूप वाटेल. पण तोवर मी नसेन, आणि असते तरी पुस्तक तुझं आहे.”

ती बराच वेळ पाने उलटत बसली. मग म्हणाली, “अजून ठरलं नाही माझं,” आणि पुस्तक माझ्या हातात परत दिले, तुम्ही आहात तोवर तुमच्याकडेच राहू दे म्हणून.

माझ्या मृत्यूनंतर सुरसत्तीने ते स्वतः न्यू ॲमस्टरडॅमला नेऊन वर्लिनच्या हातात द्यावे. टपालाने पाठवू नये. ती त्याचे काय करते हे तिला विचारू नये; सुरसत्तीने नाही, शाळेने नाही, या देशातल्या कोणीही नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले असून ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोन्ही साक्षीदार मी सही करताना समोर हजर होते, मी त्यांच्या सहीच्या वेळी हजर होते, आणि या मृत्युपत्रातून त्यांना काहीही मिळत नाही.

(सही) हर्मिना यूलाली अडोनिस

साक्षीदार:
(सही) एनिड टॉपिन, शेजारी, समुद्राकडची गल्ली, पेशन्स
(सही) डॉ. फिरोज बख्श, आरोग्य केंद्र, पेशन्स

स्थळ: पेशन्स, पूर्व किनारा, डेमेरारा
दिनांक: १४ सप्टेंबर २०१९